आधी मांड, मग लगाम : खानदेशात घोडेस्वारी शिकायची तर

दत्तजयंती जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरलेला असतो, घरातलं कोणीतरी तिथे दोन दिवस फिरून आलेलं असतं, आणि पलीकडून आवाज येतो, "सर, एक मारवाडी बछेरा बघून ठेवलाय. पोराला बसायला किती दिवसात शिकवाल?" माझं प्रत्येकाला एकच उत्तर असतं. इसार अजून देऊ नका. पोराला आधी सहा महिने इकडे पाठवा, त्याची मांड बसू द्या, मग घोड्याचं बघू.

गिरणेच्या काठी, जळगावपासून थोडं बाहेर, आमचं दहा-बारा घोड्यांचं केंद्र आहे. शेतकऱ्यांची, शिक्षकांची, दुकानदारांची मुलं येतात. गेल्या काही वर्षांत चाळिशी ओलांडलेली माणसंही येऊ लागली आहेत. खानदेशात घोडा नवा नाही. वरातीत, यात्रेत, नाचकामात तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण घोडा पाहणं वेगळं आणि घोड्यावर बसणं वेगळं. या लेखात पहिल्या दिवसापासून पहिल्या स्पर्धेपर्यंतची वाट, आम्ही मुलांना ज्या क्रमाने चालवतो त्याच क्रमाने सांगतो.

केंद्र कसं बघायचं

केंद्राच्या भिंतीवरच्या ट्रॉफ्या सर्वांत शेवटी बघा. आधी सरळ तबेल्यात जा, आणि जमलं तर न सांगता, दुपारच्या वेळी जा. सकाळी सगळं झाडलेलं, नीटनेटकं असतंच, खरं चित्र दुपारी दिसतं. पाण्याच्या हौदात शेवाळ आहे का? घोडे सावलीत आहेत का? आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली कोंडलेला घोडा आतून भाजत असतो. छपरावर उसाचं पाचट किंवा कडब्याचे भारे टाकले आहेत का, आरपार हवा खेळते का, हे बघा.

मग घोड्याच्या अंगाकडे बघा. खोगिराखाली पाठीचा उंचवटा जिथे येतो तिथे, आणि पुढच्या पायांमागे जिथे तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळतात तिथे, पांढऱ्या केसांचे ठिपके किंवा ताज्या जखमा दिसल्या तर तिथलं खोगीर नीट बसत नाही किंवा बसवायची कोणाला काळजी नाही, असं समजा. तुम्ही जवळ गेल्यावर घोडा कान पुढे करून बघतो की कान मागे चिकटवून तोंड फिरवतो? दहापैकी आठ घोडे तोंड फिरवत असतील तर त्या जागी मुलाला पाठवू नका.

शिकवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. एक घोडा दिवसाला किती तास चालतो? नवख्याला पहिले काही दिवस लांब दोरीवर, गोलात शिकवता का? हेल्मेट केंद्राचं की आपलं आणायचं? तिसऱ्या प्रश्नाला कोणी "हळू चालीला काय करायचंय हेल्मेट" म्हणालं, तर नमस्कार करून परत फिरा. उभ्या घोड्यावरून पडलं तरी डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं.

पहिला आठवडा जमिनीवरच

आमच्याकडे पहिले चार-पाच दिवस कोणी घोड्यावर बसत नाही. पालक यावर नाराज होतात, पैसे भरून मूल शेण उचलतंय म्हणतात. पण नंतर कोण टिकणार, हे मला याच दिवसांत कळतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकासमोर कपाळाखाली आणि ऐन पाठीमागे. म्हणून त्याच्याकडे समोरून नाही आणि मागून तर मुळीच नाही, खांद्याच्या बाजूने तिरकं जायचं, आणि जाताना बोलत जायचं. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज ओळखीचा हवा. आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, आबा चाळीस वर्षं घोड्यांत आहेत. नवीन मूल आलं की ते त्याचा हात धरून घोड्याच्या नाकाशी नेतात आणि अहिराणीत म्हणतात, "पहिले त्याले तुना वास लेऊ दे." बस, एवढंच. घोडा फुरफुरतो, मुलाच्या तळहातावर गरम वाफ येते, आणि मुलाचे आखडलेले खांदे खाली येतात. मी इतकी वर्षं हे रोज बघतोय, तरी त्या क्षणाला हातातलं काम थांबवून बघतो.

मग खरारा. मानेपासून सुरुवात करून मागे, आधी गोल गोल घासून माती वर काढायची, मग मऊ ब्रशने केसांच्या दिशेने झाडायची. हाडाळ जागी, गुडघ्याखाली आणि तोंडावर खरारा लावायचा नाही. खरारा करताना हाताला सूज लागते, काटा लागतो, एखादी जागा गरम लागते. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आधी खरारा करणाऱ्याला घोड्याचं दुखणं कळतं.

पाय उचलून खूर साफ करणं मुलांना सर्वांत अवघड जातं. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभं राहायचं, हात खांद्यावरून पायाच्या मागच्या शिरेवर सरकवत खाली न्यायचा आणि हलकंसं दाबायचं. शिकवलेला घोडा पाय देतो. खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचा. खुराच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, तो टोचायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिरा साफ करायच्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल त्या चिरांत घट्ट बसतो, आत सडतो आणि काळा, घाण वासाचा चिकटा येऊ लागतो. तो वास आला की त्याच दिवशी नालबंदाला किंवा डॉक्टरला दाखवायचं.

घोडा धरून चालवताना दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. घोडा बुजून उधळला तर दोरी सुटली पाहिजे, हात नाही. जादा दोरीच्या घड्या करून त्या मुठीत धरायच्या.

कपड्यांचं थोडक्यात. पँट पायाला बसणारी हवी, जाड शिवणीची जीन्स मांड्या सोलते. बुटाला अर्धा-पाऊण इंच टाच हवीच, कारण सपाट बूट रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घुसतो आणि पडल्यावर पाय अडकून माणूस फरफटतो. ओढणी, लोंबते कानातले, अंगठ्या घरी ठेवा. क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं घ्या आणि एकदा जोराने आपटलं की बदला, वरून तडा दिसत नसला तरी.

मांड

मांड ठोकणे, मांड पक्की असणे हे शब्द आपण राज्यकारभारापासून संसारापर्यंत सगळीकडे वापरतो. आले ते घोड्यावरून. मांड म्हणजे मांड्यांनी घोडा आवळून धरणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो, आणि तो समज सोडवायला मला महिनाभर लागतो. घोडा आवळला की माणूस कपड्याच्या चिमट्यासारखा वर सटकतो. मांड म्हणजे बैठक. दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखा भार, पाय सैल सोडलेले, आणि कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलणारी.

चढण्याआधी तंग तपासा. घोडा तंग आवळताना पोट फुगवतो, म्हणून एकदा बांधताना, एकदा चढण्याआधी आणि एकदा पाच मिनिटं चालवल्यावर, असा तीनदा. तंग आणि पोट यांच्यात दोन बोटं जावीत, चार नाहीत. रिकिबीची लांबी जमिनीवरूनच मापता येते. बोटांची टोकं खोगिराला जिथे रिकिबीचा पट्टा जोडलेला असतो तिथे लावा, रिकीब काखेपर्यंत आली की अंदाजे बरोबर.

चढायचं डाव्या बाजूने, आणि शक्यतो ओट्यावर उभं राहून. जमिनीवरून चढताना सगळा भार एका बाजूने घोड्याच्या कण्यावर येतो. डाव्या हातात लगाम आणि आयाळीची एक बट, डावा पाय रिकिबीत, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला न लागता पलीकडे, आणि मग अलगद बसायचं. धपकन नाही. धपकन बसणाऱ्याला मी पुन्हा उतरवतो.

बसल्यावर बाजूने बघणाऱ्याला कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. पायाच्या चवड्याचा भाग रिकिबीवर, टाच थोडी खाली. नजर घोड्याच्या कानांमधून पुढे. खाली मातीकडे बघणारा मातीत जातो, हे आबांचं वाक्य आहे आणि मी त्याला अपवाद पाहिलेला नाही.

पहिले पंधरा-वीस दिवस लगाम मुलाच्या हातात द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. घोडा लांब दोरीवर माझ्या हातात असतो आणि साधारण 18-20 मीटरच्या गोलात माझ्याभोवती फिरतो. मूल दोन्ही हात कमरेवर ठेवतं, मग बाजूला पसरतं, मग डोळे मिटून बसतं. मग रिकिबी काढून घ्यायच्या. मुलं घाबरतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी बदलतं. कंबर हलायला लागते, गुडघा सुटतो, आणि मूल बोलायला लागतं. बोलणारं मूल श्वास घेत असतं, श्वास घेणारं मूल आखडत नाही. म्हणून मी त्या गोलात मुलांना पाढे म्हणायला लावतो.

लगाम उशिरा देण्याचं कारण घोड्याच्या तोंडात आहे. कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, त्याच्या जिभेवर आणि दात नसलेल्या हिरडीच्या जागेवर बसतं. ती जागा फार हळवी असते. ज्याची मांड बसलेली नाही तो तोल गेला की लगामाला लोंबकळतो, आणि प्रत्येक वेळी लोखंड त्या हिरडीवर ओढलं जातं. अडेल, नाठाळ म्हणून विकायला येणाऱ्या किती तरी घोड्यांचं तोंड असंच कोणीतरी मारून टाकलेलं असतं. आधी मांड, मग लगाम, हा आमचा क्रम घोड्यासाठी आहे. स्वाराचा त्यात फायदा होतो, तो वेगळा.

चाली

चालण्यात घोड्याचे चार ठोके पडतात, पाय एकेक करून टेकतात. दुडकीत दोन ठोके, कर्णातले दोन पाय एकदम. केंद्रावर सगळे हिला ट्रॉटच म्हणतात. त्याहून वेगाची चाल कँटर, तिचे तीन ठोके, आणि भरधाव सुटल्यावर पुन्हा चार. हे मोजायला शिकवा, कानाने. आमच्याकडची मुलं मैदानाच्या कडेला बसून, डोळे मिटून, टापांवरून चाल ओळखतात.

दुडकीत घोडा उसळतो, म्हणून एका ठोक्याला उठायचं, एका ठोक्याला बसायचं. गोलात फिरताना बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं. पहिल्या दिवशी हे कोणालाच जमत नाही. ढोपरावर जोर देऊन उठू नका, घोड्यानेच वर टाकू द्या. साधारण महिना-दीड महिना हेच.

थांबवणं शिकल्याशिवाय पळवणं नाही. थांबवायचं बैठकीने. पाठ ताठ, श्वास सोडून जड बसायचं, आणि मग बोटं मिटायची. घोडा उधळलाच तर दोन्ही लगाम ओढून मागे लटकू नका, तो त्या ओढीवर टेकून आणखी पळतो. जागा असेल तर एका बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेत त्याला मोठ्या गोलात वळवा आणि गोल लहान करत आणा. हे आधी चालण्यात, मग दुडकीत पन्नास वेळा घोटवलेलं असेल तरच वेळेला आठवतं.

पडणं होणार आहे. पालकांना मी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगतो. पडताना लगाम सोडायचा, हात पुढे टेकायचा नाही कारण मनगट आणि हासळी तिथेच जाते, अंग गोळा करून घोड्यापासून दूर लोळायचं. पडल्यावर लगेच उठवायचं नाही. मूल स्वतःहून मान हलवतंय का, नाव-दिवस नीट सांगतंय का, हे बघायचं. डोक्याला मार असेल, उलटी किंवा गरगर असेल, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही, सरळ दवाखाना. "पडलास तर लगेच पुन्हा चढ, भीती मोडते" हे सर्रास सांगितलं जातं. शरीर धड असेल तरच ते खरं.

कँटर साधारण तिसऱ्या महिन्यात येतो. त्यानंतर जमिनीवर ठेवलेल्या बल्ल्यांवरून दुडकी, बल्ल्यांमध्ये सव्वा मीटरच्या आसपास अंतर, घोड्याच्या ढांगेप्रमाणे कमीजास्त. पहिली उडी सहा महिन्यांच्या आत आम्ही घेऊ देत नाही.

केंद्रावरचा दिवस

उन्हाळ्यात आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. साडेपाच ते साडेसात रपेट, आठला खोगीर उतरलेलं. संध्याकाळी सहाच्या आत घोडा बाहेर काढायचा नाही. थंडीत वेळा तासाभराने सरकतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायला सर्वांत चांगला काळ. नव्याने येणाऱ्याने दिवाळीनंतर यावं.

घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खाणं थोडं थोडं, दिवसभर. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर घोड्याचं निम्मं आरोग्य कळलं. वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे 350 किलोच्या घोड्याला सात किलोच्या आसपास. त्यात वैरण जास्त आणि चंदी कमी. आमच्याकडे दादर ज्वारीचा कडबा, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, चंदीला भिजवलेला हरभरा, बार्ली आणि गव्हाचा कोंडा. मिठाचा खडा ठाणावर कायम.

दोन गोष्टी खानदेशातल्या घरी घोडा ठेवणाऱ्यांनी पाटीवर लिहून ठेवाव्यात. बुरशी आलेला मका घोड्याला कधीही घालू नका. गाय कदाचित पचवेल, पण घोड्याच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो मरतो. आणि कोंबड्यांचं किंवा जनावरांचं तयार खाद्य घोड्यापुढे ठेवू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला विषच आहे.

एक रात्र मी विसरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आमची जुनी वैरण संपली आणि मी एका दिवसात चारा बदलला. हळूहळू, सात ते दहा दिवसांत बदलायचा हे मला माहीत होतं, तरी घाईत बदलला. रात्री अकराला चांदणी नावाची आमची घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. वरचा ओठ उलटा करत होती, लीद नव्हती. पोटशूळ. आबांनी कान पोटाला लावला आणि म्हणाले, आत काही हलत नाही. डॉक्टर येईपर्यंत तासभर आम्ही तिला हळू चालवत होतो, लोळू देत नव्हतो. खाणं काढून घेतलं होतं. शेजाऱ्याने प्रेमाने तेलाची बाटली आणली, ती तोंडात ओतू दिली नाही, कारण पाजताना ते फुफ्फुसात जाऊ शकतं. पहाटे चारला तिने लीद टाकली. तबेल्यात उभी असलेली दोन मुलं तिच्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर आमच्या केंद्रावर चारा बदलण्याची तारीख फळ्यावर लिहिली जाते, आणि ती लिहायचं काम मुलांकडे आहे.

प्रत्येक मुलाला तीन आकडे पाठ असतात. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस. नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोट लावून मिळते. धनुर्वाताची लस चुकवायची नाही. नालबंद दर पाच ते सात आठवड्यांनी, नाल झिजली नसली तरी, कारण खूर वाढतच असतो.

सारंगखेड्याला जाल तेव्हा

एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या आणि मग बाजारात शिरा. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे असे सगळे तिथे बघायला मिळतात. मारवाडीचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना टेकतात, ते बघून माणूस भाळतोच. विकणारा तुम्हाला देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, दाखवेल, पंचकल्याणी म्हणून चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पट्टा दाखवेल, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा हिशेब सांगेल. ती आपल्याकडची जुनी विद्या आहे, तिचा मान ठेवून मी सांगतो, तुम्ही आधी पाय बघा.

माझा पहिला घोडा मी भोवरे बघून घेतला होता. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी तो मागच्या पायाने लंगडायला लागला. तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. घोडा सपाट, कडक जमिनीवर सैल दोरीने दुडकीत सरळ पळवायला सांगायचा. दोरी सैल हवी, कारण घट्ट धरली की डोक्याचा झोल लपतो. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली झुकवतो. मग चारही खूर उचलून बघायचे. मग दात. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षांचा घोडा पूर्ण तोंडाचा. शिकणाऱ्या मुलासाठी बछेरा नको, आठ ते चौदा वर्षांचा शांत घोडा किंवा घोडी घ्या. नाचायला शिकवलेला घोडाही नको. त्याला टाच लागली की उसळायचं एवढंच ठाऊक असतं, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापुढे जाऊ नये. खरेदीच्या आधी आपला डॉक्टर सोबत नेणं सर्वांत उत्तम, त्याची फी घोड्याच्या किमतीपुढे काहीच नसते.

स्पर्धेची वाट

खानदेशातल्या मुलाने स्पर्धेचं बघू नये, ते पुण्या-मुंबईचं, असं मला आजही ऐकायला मिळतं. 26 सप्टेंबर 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं आपलं त्याआधीचं सुवर्ण 1982 च्या दिल्लीतलं, म्हणजे 41 वर्षांनी. त्या चौघांतली सुदिप्ती हजेला इंदूरची. रावेरच्या मुलाला इंदूर पुण्यापेक्षा जवळ. त्याआधी 2018 मध्ये फवाद मिर्झाने इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवलं होतं आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्या पंचविसात आला. हे चेहरे आमच्या तबेल्यात लावलेले आहेत.

ड्रेसाजमध्ये उडी नाही, वेग नाही. 20 बाय 60 मीटरच्या चौकटीत, नवख्यांसाठी 20 बाय 40 च्या, ठरलेल्या अक्षरांपाशी ठरलेल्या चाली करून दाखवायच्या आणि परीक्षक गुण देतात. म्हणजे परीक्षक मांडच बघतात. शो जंपिंगमध्ये अडथळ्याची बल्ली पडली की चार दंडगुण, पडला तर स्वार बाद. इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, रानातली दौड आणि जंपिंग तिन्ही. टेंट पेगिंगमध्ये भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलायची. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्समध्ये दर टप्प्याला डॉक्टर घोड्याची नाडी मोजतात आणि ती ठरलेल्या वेळेत खाली आली नाही तर घोडा तिथेच थांबतो. मला हा नियम फार आवडतो.

देशातल्या स्पर्धा इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या नियमांनी होतात, लहान मुलांचे वयोगट वेगळे असतात. मूल कॉलेजात गेल्यावर एनसीसीचं रिमाउंट अँड व्हेटर्नरी पथक हा एक चांगला रस्ता आहे. पशुवैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात त्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात.

पहिल्या स्पर्धेसाठी माझे निकष साधे आहेत. मूल रिकिबीशिवाय दहा मिनिटं दुडकी आणि दोन फेऱ्या कँटर करतंय का? अनोळखी घोड्यावर बसून त्याला शांत ठेवतंय का? घोडा अडला तर चाबकाआधी आपली चूक शोधतंय का? तिन्हीला हो असेल तर 60 सेंटीमीटरच्या उड्यांपासून सुरुवात. घरच्या मैदानावर स्पर्धेपेक्षा दहा सेंटीमीटर जास्त सराव असावा.

स्पर्धेला घोडा आदल्या दिवशी पोचवा. ट्रकच्या तळाला जाड भुसा, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी, आणि घरचं थोडं पाणी ड्रममध्ये सोबत, कारण परक्या पाण्याचा वास आवडला नाही तर घोडा पीत नाही. वैरणही घरचीच. जंपिंगचा मार्ग स्वाराने आधी पायी चालून बघायचा. दोन अडथळ्यांमधली पावलं मोजायची, कुठून वळायचं ते डोळ्यांनी ठरवायचं. नाव पुकारण्याआधी अर्धा तास अंग गरम करायला पुरे, जास्त केलं तर घोडा मैदानात शिळा होऊन जातो.

आमची एक मुलगी, चोपड्याकडच्या केळी उत्पादकाची, पहिल्या स्पर्धेत तिसऱ्या अडथळ्यावर घोडीसकट अडली. घोडीने नकार दिला आणि मुलगी मानेवर आली, पण पडली नाही. मांड टिकली. तिने वळून, श्वास घेऊन, पुन्हा आणलं आणि पुढचे सगळे अडथळे स्वच्छ घेतले. पदक नव्हतं. वडील कडेला उभे होते, त्यांना वाटलं पोरगी हरली. मी त्यांना ते वळण पुन्हा सांगून दाखवलं. नकारानंतर तिने घोडीला मारलं नाही, लगामाला झटका दिला नाही. चौदा वर्षांच्या मुलीने गर्दीसमोर ते राखणं ही आमच्या केंद्राची मोठी कमाई आहे, आणि पुढच्या वर्षी तिने आणलेल्या पदकापेक्षा मी तीच गोष्ट नव्या मुलांना जास्त वेळा सांगतो.

मैदानातून बाहेर आल्यावर फोटोआधी तंग सैल करा. घोडा हाताने दहा-पंधरा मिनिटं चालवा, मानेवरून, छातीवरून आणि पायांवरून पाणी घाला, प्यायला मागेल तसं द्या. चारही पाय हाताने चाचपा, एखादा दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का बघा. दुसऱ्या दिवशी घोड्याला सुटी, फक्त हाताने फिरवणं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पुन्हा लांब दोरी, आणि स्पर्धा खेळून आलेलं मूल असलं तरी रिकिबी काढलेल्या.